चौल ते माझगाव: चिनी शिकणाऱ्यांची दोन दिवसांची सहल, त्यातला दुसरा दिवस कामाचा

अलिबागहून निघणारी ही सहल खास चिनी भाषा शिकणाऱ्यांसाठी आखलेली आहे. पहिल्या दिवशी चौल-रेवदंडा. दुसऱ्या दिवशी मांडव्याहून रो-रोने (गाड्याही नेणाऱ्या बोटीने) भाऊचा धक्का, तिथून माझगावचं चिनी देऊळ आणि दुपारी फोर्टातलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. एकाच दिवसाची सवड असेल तर दुसरा दिवस घ्या आणि पहिला बिनदिक्कत सोडा.

चौल फार जुनं बंदर, तिथल्या उत्खननात चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडेही सापडलेत. पण ते बघायला मिळत नाहीत. समोर दिसतात त्या नारळी-पोफळीच्या वाड्या. आयोजकांनी तुकड्यांचे चार मोठे फोटो जरी हातात दिले असते, तरी त्या मातीला काही अर्थ आला असता. त्याऐवजी रेवदंड्यात निकितिनच्या स्मारकापाशी बराच वेळ जातो. हा पंधराव्या शतकातला रशियन प्रवासी. चिनी भाषेशी त्याचा काय संबंध, ते आयोजकच जाणोत.

खरी सहल भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर सुरू होते. डॉकयार्ड रोड स्टेशनजवळच्या नवाब टँक रोडवरचं हे ‘सी यप’ देऊळ 1919चं. सी यप म्हणजे ‘चार परगणे’. दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांतातले हे चार शेजारी परगणे, तिथून आलेल्या खलाशी-कारागिरांनी ते बांधलं. खाली करुणेची देवी क्वान यिन, अरुंद जिना चढून वर गेलं की क्वान कुंग: तीन राज्यांच्या काळातला लाल चेहऱ्याचा, लांब दाढीचा सेनापती, इसवी सन 220च्या सुमारास मारला गेलेला.

सहलीची मोठी चूक इथेच उघडी पडते. मुलांना दिलेली वाचनाची पत्रकं सोप्या केलेल्या अक्षरांत छापलेली, आणि देवळातली पाटी-तोरणं पारंपरिक अक्षरांत. चीनने अक्षरं सोपी करायला घेतली ती 1956पासून, देऊळ त्याच्या 37 वर्षं आधीचं. ‘क्वान कुंग’मधलं ‘क्वान’ पत्रकात 6 रेघांचं आणि पारंपरिक लिपीत 19 रेघांचं. एचएसकेची (चिनी भाषेच्या परीक्षेची) तयारी केलेला विद्यार्थी भिंतीसमोर उभा राहतो आणि त्याला ओळखीची अक्षरं फार थोडी सापडतात. उपाय सोपा आहे: आदल्या रात्री पंधरा-वीस अक्षरांची दोन्ही रूपं शेजारी शेजारी लिहून काढा. ‘दार’, ‘बघणे’, ‘देश’, ‘वर्ष’ एवढ्यापासून सुरुवात करा. त्यातलं ‘वर्ष’ दोन्हीकडे सारखंच आहे, तेवढाच धीर येतो.

आडवी पाटी उजवीकडून डावीकडे वाचायची. दाराच्या दोन्ही बाजूंना उभ्या ओळींची जोडी असेल तर पहिली ओळ तुमच्या उजव्या हाताची. खात्री करायची तर शेवटचा शब्द बघा. चिनीत प्रत्येक अक्षराला चारपैकी एक सूर असतो: पहिल्या ओळीचा शेवट साधारणपणे तिसऱ्या किंवा चौथ्या सुरावर, दुसरीचा पहिल्या किंवा दुसऱ्यावर. या ओळी जुन्या कवितेच्या नियमांनी रचलेल्या, त्यामुळे आजचा उच्चार कधीकधी फसवतो, पण बहुतेक वेळा जमतं. कुठे ‘मिंक्वो’ (चिनी प्रजासत्ताकाची कालगणना) असं साल दिसलं तर त्यात 1911 मिळवा. मिंक्वो 8 म्हणजे 1919.

उच्चारांत गाईड कमी पडतो. रोमन लिपीतला जी बघून तो ‘ग्वान गोंग’ म्हणायला लावतो. खरं तर मराठी माणसाला चिनी उच्चार हाताशीच आहेत. रोमनमधला जी म्हणजे आपला क आणि के म्हणजे ख. बी म्हणजे प, पी म्हणजे फ (ओठ जुळवून म्हटलेला). झेड म्हणजे ‘चमचा’तला च, तर जे म्हणजे ‘चिंच’मधला पहिला च. इंग्रजी माध्यमातून शिकणाऱ्याला यासाठी महिना घालवावा लागतो. शिवाय क्वान, कुंग आणि यिन तिन्ही पहिल्या सुरातले: वरच्या पट्टीत, सरळ, हेलकावा न देता. कोकणी हेल काढलात की सूर चुकलाच.

देऊळ चालतं आहे आणि एक कुटुंब ते सांभाळतं, त्यामुळे आधी कळवून जावं. फोटोची परवानगी घ्या. बांबूच्या काड्यांचा नळा दिसेल. मनात प्रश्न धरून तो हलवायचा, एकच काडी बाहेर पडेपर्यंत, आणि मग त्या क्रमांकाची चिठ्ठी बघायची. दोन काड्या पडल्या तर पुन्हा पहिल्यापासून. वीस जणांच्या गटात हा खेळ होऊन बसतो, म्हणून दहा-दहाच्या दोन तुकड्या कराव्यात. चिनी नववर्षाच्या दिवशी गर्दी असते. तेव्हा बघायला जा, वाचायला नको.

संग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली चिनी भांडी आणि तपकीर ठेवायच्या बाटल्या आहेत. दीड तास पुरतो. भांड्याच्या तळाशी पुष्कळदा सहा अक्षरांचा राजशिक्का असतो: उजव्या रकान्यापासून, वरून खाली, राजवंश, सम्राट, ‘साली घडवलं’. काचेआड तळ दिसत नाही, तेव्हा नमुन्याचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जावा. शिक्का बघून काळ ठरवू नका, जुन्या सम्राटांची नावं नंतरच्या कारागिरांनी सर्रास उतरवली आहेत.

जेवण म्हणजे मंचुरियन आणि फ्राइड राइस, चीनपेक्षा चर्चगेटला जवळचं. परतीचं रो-रो तिकीट सहलीच्या रकमेत धरलेलं असलं तरी वेळ लेखी विचारून घ्या. रविवारी संध्याकाळी जागा भरतात, आणि बोट चुकली की पनवेल-वडखळमार्गे एसटीने अलिबाग गाठायला रात्र होते. पावसाळ्यात हवामान बिघडलं तर रो-रोही रद्द होते, पुढची तारीख मिळेल की पैसे, हेही पैसे भरण्याआधीच ठरवा.