चिंचिला घ्यावी की डेगू?

गिनीपिग पाळून झाले की पुढचा मोह बहुधा याच दोघांचा पडतो. दोघंही कुरतडणारे छोटे प्राणी, नात्याने गिनीपिगचे दूरचे भाऊबंद, दोघंही चिलीतले. मी जर्मनीत एका खोलीच्या घरात राहतो. मित्र गावी गेला तेव्हा त्याच्या दोन चिंचिला तीन महिने माझ्याकडे होत्या. नंतर मी स्वतः आणले ते डेगू.

देखणेपणात चिंचिलाच उजवी. एका छिद्रातून पन्नासहून जास्त केस उगवतात, हात फिरवला तर सोडवत नाही. याच केसांपायी तिची इतकी शिकार झाली की रानातली चिंचिला आज संकटात आहे. उरलेल्यांसाठी चिलीत इयापेलजवळ १९८३ पासून राखीव वन आहे.

पण हेच केस नीट राहायला तिला पाण्याऐवजी बारीक भुकटीची अंघोळ लागते, आणि माझं तिथेच अडलं. भांडं ठेवलं की दोघी त्यात गरगर लोळायच्या. झाकण असलेलं भांडं आणलं तरी फरक पडला नाही. सकाळी चहाच्या कपाच्या काठावर, लॅपटॉपच्या बटणांवर करडा थर. देव्हाऱ्यातल्या पितळी गणपतीच्या सोंडेच्या वळणात साचलेली पूड मी जुन्या टूथब्रशने काढायचो. शिंका वेगळ्याच. वेगळी खोली असेल तर कदाचित हे जाणवणारही नाही. अशी अंघोळ डेगूलाही लागते, पण त्यासाठीची माझ्याकडची वाळू जाडसर आहे, ती खाली बसते.

शिवाय चिंचिलाचा दिवस रात्री सुरू होतो, आणि पारा पंचविशीच्या वर गेला की तिचा जीव धोक्यात येतो. इथल्या घरांत एसी नसतो. ती पंधरा-वीस वर्षंही जगते. व्हिसाचं पुढे काय होईल हे ठाऊक नसलेल्याने याचा विचार करावा.

डेगूचीही पथ्यं आहेत. त्याला मधुमेह पटकन होतो, म्हणून फळं बंद. सुकं गवत आणि पाला. शेपटीला धरायचं नाही, कातडी सुटून हातात येते आणि शेपूट परत वाढत नाही. प्लास्टिक तर तो कुरतडणारच. पण तो दिवसा जागा असतो. मी पोळ्या लाटत असताना दोघं जाळीला नाक लावून बसतात, केशरी दात दिसतात, चिवचिवाट चालू असतो. मला तरी ही सोबत जास्त भावली.

घेतलेत तर दोन घ्या. एकटा डेगू झुरतो.