दोन रॉकेटचं किट: जोडायला मस्त, पण पुस्तिकेत मधली वर्षं गायब

पणजीला अठरा जून रस्त्यावरच्या एका दुकानात हे किट मिळालं, किंमत अडीच हजाराच्या आतबाहेर. बॉक्समध्ये दोन रॉकेट आहेत, दुसऱ्या महायुद्धात शहरांवर डागलेलं जर्मनीचं व्ही-टू आणि चंद्रावर माणूस नेणारं अमेरिकेचं सॅटर्न फाइव्ह, दोन्ही १:२०० या एकाच मापात, सोबत काळा स्टँड, स्टिकरचा कागद आणि एक रंगीत पुस्तिका. बहिणीचा मुलगा फोंड्याला आठवीत आहे, त्याच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी घेतलं, आणि चवथीच्या सुट्टीत संध्याकाळची आरती आटपली की आम्ही दोघं जोडायला बसायचो. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जे खटकलंय ते रॉकेटवरच्या मुलांच्या पुस्तकांत मी आधीही पाहिलंय, एकट्या ह्या कंपनीला झोडपून काही होणार नाही.

आधी किटबद्दल. प्लास्टिक चांगलं जाड आहे, तुकडे गम न लावता खटकन बसतात, फ्रेममधून काढताना कडा राहतात त्या बारीक पॉलिशपेपरने घासून घ्यायच्या. सॅटर्नच्या खालच्या टप्प्याची पाचही इंजिनं वेगवेगळी दिलीत, ती बसवताना पोराला पहिल्यांदा कळलं की एवढं मोठं रॉकेट म्हणजे एक नळकांडं नसतं, एकावर एक ठेवलेले तीन टप्पे असतात आणि जळून झालेला टप्पा वाटेत टाकून द्यायचा असतो. स्टिकर मात्र आपल्या पावसाळ्यात नीट चिकटत नाहीत, कडा उचलतात, हेअर ड्रायरची हवा लांबून दिली तर थोडं जमतं. स्टँड जरा हलका आहे, पंखा लावला की डुलतो. पण एकाच मापात दोन्ही देण्याची कल्पना फार आवडली. खरं सॅटर्न ११० मीटर उंच, ते इथे ५५ सेंटीमीटर भरतं, आणि बाजूला व्ही-टू जेमतेम ७ सेंटीमीटर, करंगळीएवढं. पंचवीस वर्षांत माणूस एवढ्याशावरून तेवढ्यावर गेला हे टेबलावर बघून जे कळतं ते वाचून कळत नाही. मुख्य म्हणजे दोन्हींच्या मागे बरीचशी तीच माणसं होती.

आता पुस्तिका. छपाई सुंदर, चित्रं सुंदर. एका पानावर बाल्टिक समुद्राकाठचं पेनेम्युंडे, तिथे १९४२ मध्ये व्ही-टूचं पहिलं यशस्वी उड्डाण. पान उलटलं की थेट अमेरिकेतलं हंट्सव्हिल, कोट-टाय घातलेला हसरा फॉन ब्राउन, म्हणजे दोन्ही रॉकेटांमागचा मुख्य जर्मन इंजिनियर, आणि मधे एकच वाक्य, की युद्ध संपल्यावर जर्मन शास्त्रज्ञ अमेरिकेत आले आणि त्यांचं चंद्राचं स्वप्न पुरं झालं. पोराने ते वाचलं आणि मला विचारलं, मावशी, हे तर हिटलरसाठी बनवत होते ना, मग त्यांना पकडलं कसं नाही? तेरा वर्षांच्या मुलाला जे लगेच सुचतं ते पुस्तिका लिहिणाऱ्याला सुचलं नसेल असं मला वाटत नाही. सुचलं असेल आणि बाजूला ठेवलं असेल.

तर त्या दोन पानांच्या मधे काय झालं ते सांगते, कारण किट घेणाऱ्या आईबापांना हे माहीत असायला पाहिजे. ऑगस्ट १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी पेनेम्युंडेवर बॉम्ब टाकले, मग जर्मनांनी व्ही-टूचं उत्पादन नॉर्डहाउझेनजवळच्या कोनश्टाइन डोंगराच्या पोटात बोगद्यांमध्ये नेलं. कारखान्याचं नाव मिटेलवर्क, आणि कामगार कोण, तर बुखेनवाल्डच्या छळछावणीतून आणलेले कैदी, फ्रेंच, रशियन, पोलिश आणि आणखी कितीतरी देशांचे. सुरुवातीचे महिने ते बोगद्यातच झोपायचे, धुळीत, सुरुंगाच्या आवाजात, आठवडेच्या आठवडे ऊन दिसायचं नाही. नंतर बाहेर जी छावणी झाली ती डोरा. साधारण ६०,००० कैदी त्या छावणीतून आणि तिच्या शाखांतून गेले आणि त्यातले २०,००० च्या आसपास मेले, उपासमारीने, रोगाने, मारहाणीने, घातपाताच्या संशयावरून क्रेनला लटकवून दिलेल्या फाशीने. लंडन आणि अँटवर्पवर व्ही-टू पडून जेवढी माणसं मेली त्याहून जास्त हे सगळं चालवताना मेली. आम्ही जे ७ सेंटीमीटरचं खेळणं जोडलं त्याच्या मागे हे आहे आणि पुस्तिकेत डोराचं नावसुद्धा नाही.

फॉन ब्राउनला हे माहीत नव्हतं असं कोणी म्हणेल तर तसं नाहीये. तो १९३७ पासून नाझी पक्षाचा सभासद, १९४० पासून एसएस ह्या नाझींच्या निमलष्करी संघटनेत, तिथे मेजरच्या तोडीच्या हुद्द्यापर्यंत गेला. बोगद्यात तो जाऊन आलेला, हे त्याने स्वतःच नंतर कबूल केलंय. आणि १५ ऑगस्ट १९४४ चं त्याचं एक पत्र आहे, मिटेलवर्कमधल्या झावाट्स्की नावाच्या अधिकाऱ्याला लिहिलेलं, त्यात तो सांगतो की मी बुखेनवाल्डला जाऊन कुशल कैदी बघून आलो. त्याची बाजू घेणारे म्हणतात की मार्च १९४४ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यालाच अटक केली होती, आणि ते खरंय, दोनेक आठवडे तो आत होता. पण तारखा बघा, अटक मार्चमधली आणि पत्र ऑगस्टचं. सुटून आल्यावर तो परत त्याच कामाला लागला.

मग अमेरिका. १९४५ च्या उन्हाळ्यात ही माणसं गोळा करायची योजना सुरू झाली, तिचंच पुढे ऑपरेशन पेपरक्लिप झालं, आणि पुढच्या वर्षांत १,६०० च्या वर जर्मन शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ नेले गेले. सप्टेंबर १९४६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी मंजुरी दिली तेव्हा अट स्पष्ट होती, जो नाझी पक्षात नावापुरता नव्हता तर त्याहून जास्त गुंतलेला होता त्याला घ्यायचं नाही. आइन्स्टाइनसकट बऱ्याच लोकांनी ह्या सगळ्याला उघड विरोध केला होता. पण लष्कराला माणसं हवीच होती, म्हणून काय केलं, तर अट तशीच ठेवली आणि फाइली बदलल्या. फॉन ब्राउनच्या १९४७ च्या अहवालात तो सुरक्षेला धोका मानला जातो असं होतं, काही महिन्यांत नवा अहवाल आला की धोका नसावा. आर्थर रुडॉल्फ, जो मिटेलवर्कमध्ये व्ही-टूच्या उत्पादनाचा मुख्य होता, त्याच्याबद्दल १९४५ मध्येच एका अमेरिकन अधिकाऱ्याने लिहून ठेवलं होतं की हा शंभर टक्के नाझी, धोकादायक, ह्याला डांबून ठेवा. तोच रुडॉल्फ पुढे सॅटर्न फाइव्हचा प्रोग्रॅम मॅनेजर झाला. म्हणजे आमच्या टेबलावरची दोन्ही रॉकेटं अक्षरशः एकाच माणसाच्या देखरेखीखाली बनली, एक कैद्यांकडून आणि एक पगारी इंजिनियरांकडून.

मला ह्यातलं सगळ्यात जास्त लागलं ते हे फाइल बदलणं. शास्त्रज्ञ कामाला घेतले ह्यावर मी वाद घालू शकते आणि समोरच्याचं ऐकूनही घेऊ शकते, रशियाने ऑक्टोबर १९४६ मध्ये एका रात्रीत दोन हजारांवर जर्मन तज्ज्ञ बायकापोरांसकट गाड्यांत भरून नेले, ब्रिटन-फ्रान्सनेही माणसं घेतली, त्यामुळे आपण नाही घेतले तर समोरचा घेईल हा मुद्दा हवेतला नव्हता. ज्ञान जाळून टाकावं असं माझं म्हणणं कधीच नाही. पण कामाला घेणं वेगळं आणि केलेलं पुसून टाकणं वेगळं. उघड फाइल ठेवून, चौकशी चालू ठेवून, जो दोषी असेल त्याला कोर्टात उभा करूनसुद्धा बाकीच्यांकडून रॉकेट बनवून घेता आली असती, आणि हे मी कल्पनेने बोलत नाहीये. गेओर्ग रिकहाय, मिटेलवर्कचा जनरल मॅनेजर, त्याला पेपरक्लिपमध्ये अमेरिकेत नेलेलं असताना परत पाठवून १९४७ च्या डोरा खटल्यात उभा केला. सुटला तो, पुरावा पुरला नाही म्हणून, पण परत पाठवता येत होतं हे तर सिद्ध झालं ना. त्या खटल्यात १९ आरोपी होते, बहुतेक सगळे छावणीचे पहारेकरी आणि मुकादम, आणि फॉन ब्राउन तेव्हा टेक्सासमध्ये काम करत होता. खालच्याला शिक्षा आणि वरच्याला नोकरी, असा तो हिशोब झाला.

जपानच्या युनिट ७३१ चं तर ह्याहून वाईट. मांचुरियात जिवंत माणसांवर जंतूंचे प्रयोग करणारा शिरो इशी आणि त्याचे डॉक्टर, त्यांना प्रयोगांच्या माहितीच्या बदल्यात अमेरिकेने खटल्यातून मोकळं सोडलं, १९५९ मध्ये इशी घरच्या घरी आजाराने मेला. रशियाने डिसेंबर १९४९ मध्ये खाबारोव्स्क शहरात ह्याच प्रकरणातल्या १२ जपान्यांवर खटला चालवला तेव्हा पश्चिमेने तो प्रचार म्हणून उडवून लावला.

गोव्यातल्या माणसाला हे सगळं लांबचं वाटायचं कारण नाही. आपल्यावर राज्य करणारा हुकूमशहा सालाझारचा पोर्तुगाल १९४९ मध्ये नाटो ह्या अमेरिकेच्या लष्करी आघाडीचा संस्थापक सभासद म्हणून बसला होता आणि डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस ह्यांनी पोर्तुगालच्या मंत्र्यासोबतच्या निवेदनात गोव्याला पोर्तुगालचा प्रांत म्हटलं, त्याच वर्षी ज्यांनी सत्याग्रहात गोळ्या खाल्ल्या त्यांना काय वाटलं असेल. कारण तेच होतं, रशियाविरुद्ध आपल्या बाजूला कोण आहे ते बघा, बाकीचं नंतर. मोहन रानडे गोव्यात मराठी शिकवायला आले होते, मुक्तिलढ्यात उतरले, १९५५ मध्ये पकडले गेले, गोवा मुक्त झाल्यावरही पोर्तुगालच्या तुरुंगात राहिले आणि सुटले जानेवारी १९६९ मध्ये. त्याच वर्षी सॅटर्न फाइव्हने माणूस चंद्रावर नेला आणि त्याच वर्षी रुडॉल्फला नासाचं मोठं पदक मिळालं. हे दोन धागे जोडलेले नाहीत, पण मला ते शेजारी ठेवल्याशिवाय राहवत नाही. आणि कासिमिरो मोंतेरो, ज्याने गोव्यात स्वातंत्र्यसैनिकांना मारमार मारलं, ज्याचं नाव जुनी माणसं अजून तोंड वाकडं करून घेतात, त्याला पुढे पोर्तुगालच्या गुप्त पोलिसांनी वापरलं, १९६५ मध्ये सालाझारचे विरोधक जनरल डेलगादो ह्यांच्या खुनात. शिक्षा झाली ती त्या खुनासाठी, १९८१ मध्ये, गैरहजेरीत, आणि तो दक्षिण आफ्रिकेत मरेपर्यंत मोकळा राहिला. असली माणसं कामाची वाटतात तोपर्यंत त्यांना नेहमी कोणीतरी मालक मिळतो.

उशिरा का होईना, काही हिशोब झाला, आणि तोही पुस्तिकेत यायला हवा होता, कारण पोराला मी तेच आधी सांगितलं. १९७९ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने नाझी गुन्हेगार शोधायला वेगळं ऑफिस काढलं, त्यांनी रुडॉल्फला गाठलं, त्याने करार करून १९८४ मध्ये अमेरिका सोडली आणि नागरिकत्व परत केलं. ह्युबर्टस श्ट्रुगहोल्ड हाही पेपरक्लिपमधून आलेला, त्याला अंतराळ वैद्यकशास्त्राचा जनक म्हणायचे, टेक्सासमधल्या हवाई दलाच्या एका लायब्ररीला त्याचं नाव होतं, ते १९९५ मध्ये काढलं, डाखाऊच्या छळछावणीतल्या कैद्यांवरच्या प्रयोगांशी त्याचा संबंध पुढे आला म्हणून. फॉन ब्राउनला मात्र कोणी हात लावला नाही, १९७७ मध्ये तो मानसन्मानासकट गेला.

कंपनीला मी ईमेल केला. उत्तर आलं, सभ्य होतं, की उत्पादन मुलांसाठी आहे म्हणून मजकूर सकारात्मक ठेवलाय. मला हे पटत नाही. आपण आठवीतल्या मुलांना आग्वादचा तुरुंग दाखवायला नेतो, कोणाला कुठल्या कोठडीत ठेवलं होतं ते सांगतो, मुलं शांतपणे ऐकतात आणि नीट प्रश्न विचारतात. त्यांना डोराही कळेल. शिवाय अख्खं पान नको, चार ओळी पुरतात. आम्ही प्रदर्शनात व्ही-टूच्या पुढे जी पाटी ठेवली तिच्यावर पोराने स्वतः लिहिलं की हे रॉकेट छावणीतल्या कैद्यांनी बोगद्यात बनवलं, साधारण २०,००० कैदी मेले, बनवून घेणाऱ्यांपैकी काही जणांनी पुढे हे दुसरं रॉकेट बनवलं. बाईंनी एक शब्द बदलला नाही.

माझे स्टार, किटला चार आणि पुस्तिकेला एक. दुकानाबद्दल तक्रार शून्य, एक तुकडा वाकडा निघाला तो त्यांनी न कटकट करता बदलून दिला. घ्यायचं असेल तर दहा वर्षांच्या वरच्या मुलांना घ्या, त्याहून लहान पोरांच्या हातात व्ही-टूचे पंख तुटतात, आणि पावसाळा सोडून जोडा. पुस्तिका मुलाच्या हातात एकटी देऊ नका, शेजारी बसून वाचा आणि पेनेम्युंडेचं पान संपलं की तिथे थांबा.