दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक: व्ही करावं की शेजारी-शेजारी?

सोलापुरात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प निवडायची वेळ आली की कुठला ना कुठला गट टू-स्ट्रोक व्ही-ट्विनचा, म्हणजे दोन सिलिंडर व्हीच्या आकारात बसवलेल्या इंजिनाचा, विचार घेऊन येतोच. यामाहाच्या आरएक्स १०० मोटारसायकलचे ब्लॉक-पिस्टन अजून मिळतात, अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीत लेथ, बोअरिंग, ओतकाम सगळं हाताशी आहे, आणि व्ही इंजिन दिसतंही देखणं. मुलांच्या डोक्यात एक वाक्य पक्कं बसलेलं असतं: "९० अंशाच्या व्हीमध्ये तोल आपोआप साधतो." हा आढावा त्या वाक्यासाठी लिहिला आहे. फोर-स्ट्रोकमध्ये (दोन फेऱ्यांत एक स्फोट) त्याला जेवढं वजन आहे, तेवढं टू-स्ट्रोकमध्ये (दर फेऱ्याला स्फोट) नाही. टू-स्ट्रोकमध्ये व्ही घ्यायचा तो जागेसाठी. हे नीट कळलं तर निवड सोपी होते.

उदाहरण म्हणून आरएक्स १०० चेच दोन ब्लॉक घेऊ: बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मि.मी., स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५० मि.मी., प्रत्येकी ९८ सीसी, मिळून १९६. एका बाजूला १८० अंशाच्या क्रँकवर (एक पिस्टन वर तेव्हा दुसरा खाली) शेजारी-शेजारी उभे सिलिंडर, म्हणजे पॅरलल ट्विन. आपल्याकडे १९८३ पासून एस्कॉर्ट्सने काढलेल्या राजदूत ३५० ची मांडणी तीच होती. दुसऱ्या बाजूला ९० अंशाचा व्ही-ट्विन, होंडाच्या एनएसआर २५० आर किंवा सुझुकीच्या आरजीव्ही २५० सारखा.

मूळ अडचण क्रँककेसमध्ये

फोर-स्ट्रोक व्ही-ट्विनमध्ये दोन्ही कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे) क्रँकच्या एकाच पिनवर बसवता येतात. क्रँक छोटा होतो, इंजिन अरुंद होतं, सगळा फायदा तिथून येतो. साध्या टू-स्ट्रोकमध्ये मात्र क्रँककेस हाच पंप असतो. पिस्टन वर जाताना खाली हवा-पेट्रोलचं मिश्रण ओढलं जातं, खाली येताना ते दाबलं जाऊन ट्रान्सफर पोर्टमधून, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या वाटांमधून, वर जातं. दोन सिलिंडरांची चेंबर एकमेकांत उघडी असतील तर एकाचा दाब दुसऱ्यात जाईल आणि दोन्ही उपाशी राहतील. म्हणून प्रत्येक सिलिंडरला स्वतःचं बंद चेंबर, मध्ये बेअरिंग आणि मध्ये सील हवंच. व्ही असो वा पॅरलल, क्रँक दोन पिनांचाच.

याची दुसरी बाजू मात्र फायद्याची आहे. पिना वेगळ्याच असल्यामुळे त्यांच्यातला कोन आपल्याला हवा तसा ठेवता येतो.

तोलाचा हिशेब

पिस्टनच्या वर-खाली होण्याने जो जोर तयार होतो, त्याचे गणितात दोन समान भाग पडतात. अर्धा क्रँकच्या दिशेने फिरतो, अर्धा उलट दिशेने. पहिला अर्धा क्रँकवर काउंटरवेट (तोलाचं वजन) घालून मारता येतो. उलटा फिरणारा अर्धा कुठल्याच काउंटरवेटला दाद देत नाही. तो मारायचा असेल तर दुसऱ्या सिलिंडरचा तसाच अर्धा त्याच्या बरोब्बर विरुद्ध यावा लागतो. हे कधी घडतं? दोन पिनांमधला कोन १८० वजा व्ही कोनाची दुप्पट एवढा, योग्य बाजूला ठेवला की. तेव्हा स्फोटांमधलं लहान अंतर येतं १८० वजा व्ही कोन.

| व्ही कोन (अंश) | पिनांमधला कोन | स्फोटांमधलं अंतर |
|---|---|---|
| ० (पॅरलल) | १८० | १८०–१८० |
| ६० | ६० | १२०–२४० |
| ९० | ० | ९०–२७० |
| ११२ | ४४, उलट बाजूला | ६८–२९२ |

हा तक्ता जरा वेळ देऊन बघा. चारही ओळींमध्ये पहिल्या प्रतीचा, म्हणजे क्रँकच्याच वेगाचा, जोर पूर्ण मारला जातो. ९० अंशात खास काही नाही. तिथे पिना एका रेषेत येतात, एवढंच. आणि व्ही जितका उघडा, तितके स्फोट असमान. समान अंतराने स्फोट देणारी मांडणी एकच, पॅरलल. ९० अंशाच्या व्हीमध्येही पिना ९० अंशांनी सरकवून १८०–१८० मिळवता येतात, पण मग तोल जातो. दोन्ही एकदम मिळत नाही.

आता आकडे. वर-खाली होणारं वजन हिशेबापुरतं २०० ग्रॅम धरू आणि फेरे ७५०० आरपीएम. स्ट्रोकचा अर्धा २५ मि.मी. एका सिलिंडरचा जोर येतो सुमारे ३०८० न्यूटन, म्हणजे तीनशे किलोच्या वर, आणि तो सेकंदाला १२५ वेळा वर-खाली होतो. त्यातला उलटा अर्धा १५४० न्यूटन. दोन सिलिंडरांचे हे अर्धे एकमेकांना मारतात खरे, पण ते एका रेषेत नसतात. मध्ये अंतर असल्यामुळे इंजिन टोकांना डोलतं. हा डोलणारा आघूर्ण दोन्ही मांडण्यांत सूत्राने सारखाच आहे: १५४० गुणिले सिलिंडरांमधलं अंतर. पॅरललमध्ये ते अंतर ११० मि.मी. धरलं तर १७० न्यूटन-मीटर, व्हीमध्ये ७५ मि.मी. धरलं तर ११६.

व्हीचा तोल चांगला वाटतो तो एवढ्यामुळेच. तो अरुंद आहे म्हणून कमी डोलतो.

दुप्पट वेगाच्या कंपनाचंही सांगून टाकतो. कनेक्टिंग रॉड १०० मि.मी. धरला तर पॅरललमध्ये ते जोर एकावर एक चढून १५४० न्यूटन होतात, ९० अंशाच्या व्हीमध्ये १०९० आणि तेही आडव्या दिशेत. थोडा फरक आहे, पण रबर बुश घालून दोन्ही सोसता येतात.

जागा: इथे व्ही खरा जिंकतो

पॅरललमध्ये दोन सिलिंडर किती जवळ आणता येतील हे क्रँक ठरवत नाही, ट्रान्सफर पोर्ट ठरवतात. बोअरच्या दोन्ही बाजूंना पोर्टची वळणं, त्याबाहेर स्टड, त्याबाहेर फिन्स (हवेने थंड होणाऱ्या पट्ट्या). तयार एअर-कूल्ड ब्लॉक वापरले तर फिन्स तासूनही फार जवळ येता येत नाही. व्हीमध्ये सिलिंडर वेगवेगळ्या दिशांना असल्यामुळे पोर्ट एकमेकांच्या वाटेत येतच नाहीत. मर्यादा उरते ती फक्त वेब (क्रँकच्या चकत्या), रॉड, मधलं बेअरिंग आणि सील यांच्या जाडीची. क्रँक आखूड, म्हणून ताठ. ट्रान्सफर पोर्टना हवं तसं रुंद वळण देता येतं, आणि टू-स्ट्रोकची ताकद त्या वळणांमध्येच असते. २५० सीसीच्या रेसिंग मोटारसायकली एकापाठोपाठ एक व्हीकडे वळल्या. यामाहाच्या रस्त्यावरच्या टीझेडआर २५० ने तर १९८५ मध्ये पॅरललपासून सुरुवात करून १९९१ मध्ये व्ही घेतला. अरुंद इंजिन, अरुंद गाडी, वळणात जास्त झुकता येणं, हा सगळा हिशेब त्यामागे होता.

तुमचं इंजिन टेस्ट बेंचवर चालणार असेल तर या फायद्यातलं जवळजवळ काहीच तुमच्या पदरात पडत नाही. गो-कार्टमध्ये बसवणार असाल तरी रुंदी फारशी अडत नाही.

मागचा सिलिंडर

व्हीची किंमत इथे मोजावी लागते. कार्बोरेटर व्हीच्या फटीत बसवायचे तर मागचा ब्लॉक उलटा फिरवावा लागतो: इनटेक पुढे, एक्झॉस्ट मागे. क्रँक चाकांच्याच दिशेने फिरत असेल तर पॉवर स्ट्रोकमध्ये पिस्टन मागच्या भिंतीवर रेटला जातो. पुढच्या सिलिंडरमध्ये ती इनटेककडची थंड भिंत. उलट्या फिरवलेल्या सिलिंडरमध्ये तीच एक्झॉस्ट पोर्ट कोरलेली तापलेली भिंत. म्हणजे एकाच इंजिनातले दोन पिस्टन दोन वेगळ्या परिस्थितींत राहतात. पिस्टनचा क्लिअरन्स (भिंतीपासूनची फट) आणि कार्बोरेटरचा जेट दोघांसाठी वेगळे ठरवावे लागतात.

त्यात आपलं हवामान. मे महिन्यात इथे पारा ४२ अंशांच्या आसपास असतो आणि गाव समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे. अशा हवेची घनता प्रमाणित हवेपेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी कमी भरते. ताकद त्या मानाने घटते, मिश्रण रिच होतं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), आणि फिन्सवरून जाणारी हवा उष्णता कमी उचलते. एअर-कूल्ड व्हीमध्ये मागच्या सिलिंडरला पुढच्याने तापवलेली हवा मिळते. पिस्टन जाम व्हायचा तर तोच आधी होणार. म्हणून माझं मत ठाम आहे: सोलापुरात टू-स्ट्रोक व्ही करायचा तर वॉटर-कूल्डच करा. म्हणजे आरएक्सचे तयार ब्लॉक गेले, आणि प्रकल्पाचा मोठा आधारही गेला.

सायलेन्सरचंही बघा. ताकद हवी तर प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे एक्झॉस्टची लहर परत सिलिंडरकडे पाठवणारी फुगीर नळी, लागतो. एक्झॉस्ट १७० अंश उघडं, नळीतल्या लहरीचा वेग ५०० मीटर प्रति सेकंद आणि ७५०० आरपीएम धरलं तर पिस्टनपासून परतवणाऱ्या शंकूपर्यंतची लांबी ९४ सें.मी. येते. पॅरललमध्ये एकच नमुना दोनदा बनवायचा. व्हीमध्ये मागची नळी सीटखालून वाकवून तितक्याच लांबीत बसवावी लागते. पत्र्याचं काम दुपटीहून जास्त.

कारखान्यात काय सोपं

पॅरललच्या केसचं पॅटर्न साधं, आणि दोन्ही ब्लॉक बसायची सपाट बाजू एकाच सेटिंगमध्ये मिलिंग होते. व्हीच्या दोन बाजू बरोबर ९० अंशांत आणि दोन्ही क्रँकच्या मध्यरेषेवर याव्या लागतात, म्हणजे दुसरं सेटिंग आणि चुकीला वाव. क्रँकमध्ये मात्र व्हीची बाजू बरी: पिना एका रेषेत असल्यामुळे प्रेस करताना एक सरळ मँड्रेल (दांडा) घालून जुळवता येतं, तर १८० अंशासाठी वेगळं जिग (पकडसाचा) लागतं. क्रँक ट्रू (एका रेषेत) करायचं काम दोन्हीकडे सारखंच जिकिरीचं.

चार सिलिंडर झाले की चित्र बदलतं

९० अंशाचा व्ही-४ आणि १८० अंशाच्या पिना घेतल्या तर दर ९० अंशाला एक स्फोट येतो आणि दोन जोड्या एकमेकींचा जोर मारतात. इथे समान स्फोट आणि तोल दोन्ही एकत्र मिळतात. होंडाचा एनएसआर ५०० हा रेसिंग व्ही-४ १९८४ मध्ये एका क्रँकवर आला. १९८७ मध्ये त्याचा कोन ११२ अंश झाला, त्याने कार्बोरेटरना फटीत ऐसपैस जागा मिळाली. १९९२ मध्ये चारही स्फोट ६८ अंशांत कोंबण्यात आले. वरच्या तक्त्यातली शेवटची ओळ आठवते ना, हा तोच आकडा. यामाहाने दोन क्रँक गिअरने जोडले: इंजिन अरुंद, क्रँक आखूड, पण बेअरिंग आणि घर्षण जास्त. विद्यार्थ्यांनी हे कागदावर, सिम्युलेशनमध्ये करावं. चार बंद चेंबरचा क्रँक बनवायला एक वर्ष पुरत नाही.

व्ही शोभतो तो ब्लोअरवाल्या डिझेलमध्ये

क्रँककेसने पंप करणं सोडून दिलं की चेंबरची सगळी बंधनं गळून पडतात. हवा ब्लोअर किंवा टर्बो देतो, ती लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) खालच्या पोर्टमधून शिरते आणि हेडमधल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून बाहेर पडते. दोन रॉड पुन्हा एका पिनवर येऊ शकतात. डेट्रॉइट डिझेलच्या ७१ मालिकेतल्या व्ही इंजिनांत ते शेजारी-शेजारी बसतात, ईएमडी या अमेरिकी कंपनीच्या रेल्वे इंजिनांत एक रॉड दुसऱ्याच्या चिमट्यात. तेल पेट्रोलमध्ये मिसळावं लागत नाही, ते संपमध्ये, म्हणजे तळाच्या टाकीतच, राहतं. व्हॉल्व्ह आले म्हणून ते उघडणारा कॅमशाफ्ट आला, आणि कॅमशाफ्ट म्हटल्यावर सोलापूरकराला इथल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स कंपनीचं नाव सांगायला नको.

असं इंजिन बघायला परदेशी जावं लागत नाही. भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीजी-४ या मालगाडी ओढणाऱ्या डिझेल लोकोमोटिव्हमध्ये ईएमडीचं १६ सिलिंडरचं ४५ अंशाचं व्ही टू-स्ट्रोक आहे, ४००० हॉर्सपॉवरचं, सुमारे ९०० आरपीएमवर चालणारं. होटगी–गदग मार्गावर हुबळी शेडची ही इंजिनं सोलापूरकरांनी ऐकली आहेत. जुन्या अल्को डिझेल इंजिनांच्या फोर-स्ट्रोक धडधडीपेक्षा त्यांचा आवाज सलग येतो, कारण प्रत्येक सिलिंडर दर फेऱ्याला पेटतो. त्याचा टर्बो कमी लोडवर क्रँककडून गिअरने फिरतो आणि एक्झॉस्टला पुरेसा जोर आला की क्लचमधून सुटून स्वतः फिरतो. बंद क्रँककेसशिवाय टू-स्ट्रोक सुरू कसं होतं, या प्रश्नाचं हे सुंदर उत्तर आहे. एका सिलिंडरची क्षमता ११.६ लिटर, लिटरमागे साधारण २१ हॉर्सपॉवर. आरएक्स १०० लिटरमागे शंभरच्या वर देते. पण ती दिवसभर ३००० टन ओढत नाही.

तर मग

बेंचवर चालणारं, वर्षभरात पूर्ण होणारं, तयार ब्लॉकवरचं इंजिन हवं असेल तर १८० अंशाचा पॅरलल ट्विन करा आणि अहवालात वरचा तक्ता सिद्ध करून दाखवा. त्या सिद्धतेत व्हीचं सगळं शिक्षण येतं. अरुंद फ्रेमची मोटारसायकल हेच ध्येय असेल, वॉटर-कूलिंगची तयारी असेल आणि पत्र्याचं काम करणारा चांगला कारागीर सोबत असेल, तर ९० अंशाचा व्ही-ट्विन घ्या, मनापासून घ्या. रस्त्यावर पासिंग करून चालवायचा विचार मात्र दोन्ही बाबतीत सोडा. पेट्रोलमधून तेल जाळणारं इंजिन आजच्या उत्सर्जन नियमांत बसवणं तुमच्या आवाक्याबाहेरचं आहे. डिझेल व्ही निवडणाऱ्यांनी बनवण्याऐवजी स्कॅव्हेंजिंगचं (जळालेला वायू काढून ताजी हवा भरण्याचं) विश्लेषण विषय म्हणून घ्यावं.

काहीही निवडलंत तरी मधलं सील आधी तपासा. केस जुळवून क्रँक बसवला की ब्लॉक, इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं बंद करा. एका चेंबरमध्ये सायकलच्या पंपाने ०.४ बार दाब भरा, दुसरं उघडं ठेवा. सहा मिनिटं दाबमापकाचा काटा जवळजवळ जागेवर राहिला पाहिजे. मग उलट बाजूने तेच करा. इथे गळती असेल तर कार्बोरेटरवर कितीही दिवस घालवले तरी दोन्ही सिलिंडर एकसारखे कधीच चालणार नाहीत.