लोकसंगीताची छोटी मैफल : पहिला भाग चुकवू नका

पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात गेल्या शनिवारी लोकसंगीताची मैफल ऐकली. खाली जाजम, मागे थोड्या खुर्च्या, जेमतेम साठ-सत्तर माणसं. तिकीट ४०० रुपये. पहिल्या भागासाठी ते कमीच म्हणेन.

पहिला भाग बिनमाईकचा होता, हीच या कार्यक्रमाची खरी कमाई. आमच्या सोलापूरकडे लग्नानंतर देवीचा गोंधळ घालतात, पण हल्ली तिथेही कर्णे लावतात आणि तुणतुणं नुसतं दिसतं. इथे ते ऐकू आलं. एकच तार, पण गोंधळ्याचा दम संपतो तिथे सूर तीच धरून ठेवते. संबळाची लहान-मोठी तोंडं वेगवेगळी कळत होती, वाकड्या टोकाच्या काठीचा टोला थेट छातीत बसत होता. तुळजापूरच्या भवानीपासून जेजुरीच्या खंडोबापर्यंत एकेकाला ‘गोंधळाला ये’ म्हणून साद घातली, तेव्हा माझ्या शेजारच्या आजी दिवटीकडे बघून हात जोडून बसल्या होत्या. रात्रभराचा विधी पाऊण तासात बसवायचा म्हणजे आख्यानाला कात्री लागणारच. तरी गोंधळी आणि साथीदाराची थट्टा-मस्करी त्यांनी तशीच ठेवली, हे फार बरं केलं. त्याशिवाय गोंधळ रंगत नाही.

एकनाथांचं भारूड ठीक झालं, हातवारे जरा जास्त. बैठकीची लावणी मात्र सुरेख. लावणीच्या थोर गायिका यमुनाबाई वाईकर २०१८ साली गेल्या. त्या वळणाची लावणी एक तरुण मुलगी बसल्या जागी, नुसत्या नजरेनं आणि बोटांनी खुलवत होती. एकच ओळ तिनं चार-पाच तऱ्हांनी घेतली आणि दर वेळी मनधरणीचा रंग बदलला. सगळ्यांना ती ओळ आणखी हवी होती.

मध्यंतरात चौकात कागद पेटवून हलगी शेकत होते. चहा घेता घेता जवळ जाऊन बघा, कातडं ताणलं की आवाज कसा चढतो ते तिथेच कळतं.

दुसऱ्या भागात नवी गाणी, माईक, कीबोर्ड आणि बेस गिटार. पहिल्या दोन गाण्यांत बेसनं तुणतुणं पार गिळलं. एवढ्याशा जागेत एवढा आवाज कशाला? पण ऊसतोडीवरचं गाणं अप्रतिम होतं. जात्यावरच्या ओवीची चाल, साथीला फक्त छोट्या डफासारखी दिमडी आणि हलकी गिटार. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेऊन दिवाळीच्या सुमाराला बीडहून निघालेली बाई झोपलेल्या लेकराला बैलगाडीत ठेवून उसाच्या फडात उतरते, एवढीच गोष्ट. नवं लोकगीत म्हणतात ते हेच.

जरूर जा, पुढे जाजमावर बसा. आयोजकांना एकच विनंती : पत्रिकेवर गायकांची नावं ठळक आहेत, संबळ, तुणतुणं, हलगी वाजवणाऱ्यांची कुठेच नाहीत. पुढच्या वेळी तीही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा.