पहिल्या फेरीत कोण: शाळकरी पिचर की कॉलेजचा सेकंड बेसमन?

मिरजेच्या एका मित्रानं आमच्या 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' या टीम चालवायच्या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन लीगमध्ये नुकतीच एक रिकामी पडलेली टीम घेतली. ड्राफ्ट, म्हणजे टीमनी पाळीपाळीनं नवी पोरं निवडणं, तोंडावर आलाय; मित्राचा नंबर ११ वा. यादीत घासून घासून दोघं उरले: १८ वर्षांचा शाळकरी पिचर (चेंडू टाकणारा), पोटेन्शियल (पुढं कुठवर जाईल ते) ७०, आणि २१ वर्षांचा कॉलेजचा सेकंड बेसमन (दुसऱ्या बेसजवळचा फिल्डर), पोटेन्शियल ५५. परवा फोनवर म्हणाला, "दादा, सत्तर सोडून पंचावन्न कसा घेऊ?" त्यालाच हे उत्तर.

गेममध्ये माप २० ते ८० असतं. ५० म्हणजे मेजर लीगमधला, सगळ्यात वरच्या पातळीवरचा, साधारण खेळाडू. पण पिचरचा तो ७० हा आपल्या स्काउटनं (पोरं हेरणाऱ्यानं) बांधलेला अंदाज आहे. पोरगं जितकं कोवळं, तितका अंदाज चुकायला वाव जास्त. कॉलेजवाल्याचा आजचा खेळच ४० च्या आसपास आहे, त्याला फार लांब जायचं नाही.

शाळकरी पोराच्या बाजूनं मोठी गोष्ट म्हणजे वेळ. १८ व्या वर्षी करार केला तर रूल-५ नावाच्या वेगळ्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या टीमनी उचलायच्या आत ५ हंगाम मिळतात. १९ किंवा त्याहून मोठा असेल तर ४ च. आमच्या तासगावकडं द्राक्षाची एप्रिलची खरड छाटणी झाली की हाताला एक घड लागत नाही, पण काडीत सूक्ष्म घडनिर्मिती त्याच दिवसांत होते आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर ती दिसते. रूकी लीग म्हणजे मायनर लीगची, मेजरच्या खाली पोरं घडवायच्या पातळ्यांची, सगळ्यात खालची पायरी; तिथले आकडे मी तसेच बघतो. तिथं मार खाल्ला म्हणून पोरगं विकायचं नाही आणि दोन सामने चांगले गेले म्हणून घाईनं डबल-ए या बऱ्याच वरच्या पायरीला ढकलायचंही नाही. झेपत नसलेल्या पातळीवर टाकलं की वाढ खुंटते.

तरीही पिचर म्हटलं की माझा हात आखडतो. चार हंगामांपूर्वी असाच एक घेतला होता. रूकी, सिंगल-ए, हाय-ए अशा एकेक पायऱ्या चढत सगळं ठरल्याप्रमाणं चाललं. तिसऱ्या हंगामात एका सकाळी चहा घेत लीगची फाइल उघडली तर नावापुढं दुखापतीची खूण: कोपराचा लिगामेंट तुटलेला, वर्षाहून जास्त बाहेर. परत आला तेव्हा वेग ९७ मैलांवरून ९३ वर. त्यातून चेंजअप (फसवा, हळू चेंडू) ३५ च्या वर कधी चढलाच नाही, आणि तीन कामाचे पिच (चेंडूचे प्रकार) नसतील तर स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) होता येत नाही. आज तो बुलपेनमध्ये (मधेच येणाऱ्या पिचरांत) एक-एक इनिंग टाकतो. मला अजून वाईट वाटतं.

कॉलेजवाल्याचं थोडक्यात सांगतो. हाय-एपासून सुरू करेल, सगळं नीट गेलं तर दोन वर्षांत वर. त्याचा 'आय' (चांगला-वाईट चेंडू ओळखणं) आणि 'कॉन्टॅक्ट' (बॅटला चेंडू लागणं) आधी बघ, पॉवर नंतर. वर्क एथिक कमी दाखवत असेल तर मात्र त्याला खाली सरकव.

अशी टीम नव्यानं उभी करायची तर हाताशी वेळ आहे, मग शाळकरीच घ्यावा, असं बरेच जण म्हणतात. मला उलट वाटतं. ज्याच्या मायनर लीगमध्ये आठ-दहा चांगली पोरं आहेत, त्यानं असा डाव खेळावा. एक फसला तरी बाकीचे असतात. तुझी मायनर लीग ओस पडलीय. तुला आधी हमखास उभा राहणारा एक माणूस हवा, जो दोन वर्षांनी खेळेल किंवा ट्रेडमध्ये दोन पोरं आणून देईल.

तो शाळकरी पोरगा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फिल्डर) असता तर मी वेगळं सांगितलं असतं. शॉर्टला जमलं नाही तर त्याला सेकंडला, थर्डला हलवता येतं. पिचरला बुलपेनशिवाय दुसरी जागा नाही.

पिचर हवाच असेल तर दुसऱ्या फेरीत बघ: तिसरा पिच आजच ४० चा असलेला, दुखापतीच्या रकान्यात 'फ्रॅजाइल' नसलेला. त्याची पैशाची मागणीही आधी वाच, कारण शाळकरी पोरं मनासारखं मिळालं नाही तर सही न करता सरळ कॉलेजला जातात. आणि शुक्रवारी फाइल पाठवायच्या आधी तुझ्या हाय-एमध्ये जो २६ वर्षांचा सेकंड बेसमन आहे, त्याला सोडून दे. नवा पोरगा बाकावर बसला तर त्याचा ५५ कागदावरच राहील.