आयपीएक्सई: सर्व्हरमधली डिस्कच काढून टाकायची असेल तर

आमच्या पतसंस्थेचं हेड ऑफिस रत्नागिरीत, मिरकरवाड्याच्या अंगाला. इथल्या खाऱ्या, दमट हवेत डिस्कच्या जोडण्यांवर हिरवा थर धरतो आणि धडधाकट डिस्क एक दिवस रेडमधून, म्हणजे डिस्कांच्या जोडगटातून, बाहेर पडते. तीन सर्व्हर, म्हणजे तीन ठिकाणी तोच घोर. म्हणून पोस्टग्रेस या डेटाबेसचा नवा क्लस्टर (एकमेकांची जागा घेणारे सर्व्हर, म्हणजे नोड) उभा करताना सर्व्हरमध्ये डिस्क ठेवायचीच नाही असं ठरवलं. सगळ्या डिस्क एका स्टोरेजमध्ये, ते बंद रॅकमध्ये, आणि सर्व्हर आय-स्कझीने, म्हणजे नेटवर्कवरून डिस्क वापरायच्या पद्धतीने, त्याच्यावरून बूट होतात. ते बूट करून देतं आयपीएक्सई, नेटवर्कवरून सर्व्हर सुरू करणारं छोटं सॉफ्टवेअर. अख्खा पावसाळा त्यावर काढला, म्हणून आता खात्रीने लिहिते आहे.

हे फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २०१० साली जीपीएक्सई या जुन्या प्रकल्पातून वेगळं झालं. काम असं चालतं: एचटीटीपीवरून स्क्रिप्ट आणायची, टार्गेटला (स्टोरेजने देऊ केलेल्या डिस्कला) लॉगिन करायचं आणि त्या जोडणीची माहिती आयबीएफटी नावाच्या तक्त्यात मेमरीत ठेवायची. लिनक्स तोच तक्ता वाचून आपली रूट डिस्क, म्हणजे सिस्टिम जिच्यावर आहे ती, पुन्हा जोडून घेतं.

मला सर्वांत आवडली ती स्क्रिप्ट. वादळात वीज गेली, यूपीएसही संपला, की परत आल्यावर सर्व्हर आधी जागे होतात आणि स्टोरेज मागाहून. नेटवर्क कार्डातलं साधं पीएक्सई (नेटवर्कवरून बूट करायची मूळ सोय) अशा वेळी थोडा वेळ वाट पाहून हात टेकतं. आयपीएक्सईला सांगता येतं, डीएचसीपीकडून नेटवर्कचा पत्ता मिळाला नाही तर थांब, परत विचार. लॉगिन झालं नाही तर थांब, परत कर. मध्यरात्री वॉचमनकाकांना फोन करून बटण दाबायला सांगणं त्यामुळे बंद झालं. पण त्यासाठी आयपीएक्सई टीएफटीपीवरून (नेटवर्कवरून फाइल आणायच्या साध्या पद्धतीने) न आणता मदरबोर्डवरच्या आतल्या यूएसबीवर ठेवा. नाहीतर पहिली पायरी पुन्हा त्या अधीर पीएक्सईचीच राहते. स्विचच्या पोर्टला एज पोर्ट करायला विसरू नका. स्पॅनिंग ट्री, म्हणजे नेटवर्कमध्ये फेरा होऊ नये म्हणून स्विच करतो ती तपासणी, एरवी पोर्ट ३० सेकंद अडवून धरते.

खरं जपायचं असतं ते बूट झाल्यानंतर. लिनक्समधल्या ओपन-आय-स्कझीचा रिप्लेसमेंट टाइमआउट, म्हणजे तुटलेली जोडणी परत येण्याची वाट पाहायची मुदत, मुळात १२० सेकंदांचा असतो. स्टोरेज त्याहून जास्त वेळ गायब राहिलं तर फाइल सिस्टिमला थेट एरर मिळते, रूट रीड-ओन्ली होतं आणि सर्व्हर चालू दिसत असूनही निकामी होतो. रूटसाठी तो ८६,४०० सेकंद ठेवा आणि नूप तपासणी (जोडणी जिवंत आहे का, हे अधूनमधून विचारणं) शून्यावर आणा, म्हणजे बंद करा. डेटाच्या लनसाठी (स्टोरेजने दिलेल्या डेटाच्या डिस्कसाठी) मात्र उलट: तिथे तो आकडा लहान हवा, म्हणजे क्लस्टर सांभाळणारा पेसमेकर ताबडतोब दुसऱ्या नोडकडे वळतो.

फेन्सिंगशिवाय, म्हणजे बिघडलेला नोड सक्तीने बाजूला काढायच्या सोयीशिवाय, हे करूच नका. डेटाच्या लनवर एक्सएफएस ही फाइल सिस्टिम आहे, ती एका वेळी एकाच नोडने वापरायची. दोन नोडनी ते एकाच वेळी माउंट केलं तर सभासदांच्या ठेवींच्या नोंदी मातीमोल होतील. त्यात डिस्क नसलेल्या नोडचं रूट गोठलं की त्याला स्वतःला नीट बंद होताही येत नाही. म्हणून आमचं फेन्सिंग आयपीएमआयमधून (सर्व्हर दुरून चालू-बंद करायच्या सोयीतून) बाहेरूनच वीज तोडतं.

नवा नोड उभा करणं मात्र फार सुखाचं आहे. स्टोरेजच्या झेडएफएस या फाइल सिस्टिमवर तयार इमेजचा स्नॅपशॉट, त्याचा क्लोन, झालं. प्रत्येक नोडचं आयक्यूएन (आय-स्कझीतलं त्याचं नाव) वेगळं ठेवा आणि मशीन-आयडीची (लिनक्समधल्या ओळखक्रमांकाची) फाइल इमेजमध्ये रिकामी ठेवा; पहिल्या बूटला ती नव्याने भरली जाते.

खटकलं ते दोन गोष्टींत. सिक्युअर बूट, म्हणजे फक्त सही असलेलं सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय, आम्हाला बंद ठेवावा लागला. आणि दस्तऐवज आज्ञांपुरते उत्तम असले तरी क्लस्टरचं सगळं चित्र तुम्हालाच जुळवावं लागतं.

डिस्कांवर वाचलेले पैसे दुसरीकडे वळवू नका. ते दोन कंट्रोलरच्या स्टोरेजला आणि दुसऱ्या स्विचला द्या, कारण आता तिन्ही सर्व्हरांचा जीव तिथेच आहे. आयपीएक्सईच्या सॅनबूट या आज्ञेला एकाच वेळी स्टोरेजचे दोन पत्ते देता येतात, ती सोय वापरा. शाखेत एकच सर्व्हर असेल तर एवढा खटाटोप नको. दोन एसएसडी मिररमध्ये लावा, पुरे.