बीएमव्ही-७१२ आणि स्मार्टशंट: बॅटरीचा टक्का खरा कधी, खोटा कधी

बोटीच्या हाउस बॅटरीत (इंजिन सुरू करणारी नव्हे, तर दिवे-फ्रिज चालवणारी) किती चार्ज उरलाय हे थेट मोजणारं यंत्र बाजारात नाही. व्हिक्ट्रॉनचा बीएमव्ही-७१२ स्मार्ट घ्या किंवा त्यांचाच स्मार्टशंट, दोन्ही फक्त जमाखर्च लिहितात: किती करंट आत गेला, किती बाहेर आला. हा हिशेब दोन्ही मीटर चोख ठेवतात. पण बॅटरी केवढी आहे आणि ती ‘भरली’ कधी म्हणायची, हे मीटरला आपण सांगायचं असतं. पडद्यावर खोटा टक्का दिसण्याची बहुतेक कारणं तिथे किंवा वायरिंगमध्ये सापडतात.

साधा व्होल्टमीटर का पुरत नाही? लेड-ॲसिड बॅटरी काही तास पूर्ण विश्रांतीत असेल, म्हणजे लोडही नाही आणि चार्जिंगही नाही, तर १२.७ व्होल्टच्या आसपास ती भरलेली आणि १२.२ च्या आसपास अर्धी. बोटीवर अशी विश्रांती मिळत नाही. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की व्होल्टेज बसतं, ऊन आलं की सोलर ते वर उचलतो. लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये तर मधल्या मोठ्या पट्ट्यात व्होल्टेज जेमतेम हलतं, त्यामुळे ७० टक्के आणि ४० टक्के यांतला फरक साध्या मीटरवर कळतच नाही. पाण्याच्या बॅटरीत ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर आजही सगळ्यात प्रामाणिक, पण नांगर टाकून झोपण्याआधी सेलची झाकणं कोण उघडणार!

बीएमव्ही-७१२ आणि ५०० ॲम्पिअरचा स्मार्टशंट, दोन्हींमध्ये ५०० ॲम्पिअर, ५० मिलीव्होल्टचा शंट आहे. शंट म्हणजे सगळा करंट ज्यातून जातो तो धातूचा तुकडा; त्याच्या दोन टोकांमधल्या बारीक व्होल्टेजवरून करंट मोजतात. म्हणजे दर ॲम्पिअरला ०.१ मिलीव्होल्ट. बीएमव्हीला पॅनेलवर बसणारा गोल डिस्प्ले, अलार्मचा बझर आणि एक रिले मिळतो. स्मार्टशंटला यातलं काहीच नाही. सगळं ब्लूटूथवरून फोनवर बघायचं. दोन्ही स्वतः १२ व्होल्टला १ मिलीॲम्पिअरच्या आसपास खातात, त्यामुळे बोट महिनोन् महिने उभी राहिली तरी मीटरच्या खाण्याची चिंता नको. बोटीवर एकापेक्षा जास्त माणसं पाळी करत असतील तर बीएमव्हीच घ्यावा. रात्री तीन वाजता पाळीवरच्या माणसाने दुसऱ्याचा फोन शोधायचा, ही व्यवस्था नव्हे. धातूच्या बोटीत ब्लूटूथ मधल्या भिंतींपलीकडे नीट पोचत नाही, हाही मुद्दा आहेच.

आता वायरिंग. शंटच्या एका टोकावर ‘बॅटरी मायनस’ लिहिलेलं असतं. तिथे हाउस बँकेच्या, म्हणजे एकत्र जोडलेल्या हाउस बॅटऱ्यांच्या, निगेटिव्हची एकच जाड केबल यायला हवी, दुसरं काहीही नाही. बाकी सगळे निगेटिव्ह ‘सिस्टिम मायनस’च्या बाजूला. हा नियम सगळ्यात जास्त मोडतो तो बिल्ज पंपाच्या (बोटीच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या) आणि सोलर कंट्रोलरच्या वायरींनी. मेन स्विच बंद असतानाही पंप चालावा म्हणून त्याचा पॉझिटिव्ह फ्यूज लावून थेट बॅटरीवर नेतात, ते बरोबरच आहे. पण त्याच झटक्यात निगेटिव्हही बॅटरीच्या खांबावर ठोकला जातो, आणि पंपाने खाल्लेला करंट मीटरला कधी दिसतच नाही. सोलरच्या बाबतीत उलट होतं: दिवसभर बॅटरी भरते आणि मीटर मात्र टक्का खाली खाली नेत राहतो. तपासणी सोपी आहे. सगळं बंद करा, एकेक उपकरण चालू करा आणि मीटरवरचा करंट तेवढाच बदलतो का ते पाहा. ज्याला मीटर दाद देत नाही, त्याचा निगेटिव्ह चुकीच्या जागी आहे.

इंजिनाच्या स्टार्टर बॅटरीचा निगेटिव्हही सिस्टिमच्या बाजूलाच जोडायचा. तो बॅटरीच्या बाजूला गेला, तर अल्टरनेटर स्टार्टर बॅटरीत भरत असलेला करंट हाउस बँकेच्या खात्यात जमा होतो. हाउस बँकेत दोन-तीन बॅटऱ्या पॅरलल असतील तर पॉझिटिव्ह पहिल्या बॅटरीवरून आणि निगेटिव्ह शेवटच्या बॅटरीवरून काढा, नाहीतर एक बॅटरी जास्त राबते आणि लवकर मरते.

मीटरला वीज देणारी, फ्यूज असलेली लाल बारीक वायर थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हवर लावा, मेन स्विचच्या पुढे नाही. स्विच बंद केल्यावर मीटरही मेला, तर तेवढ्या काळाचा हिशेब जातो. शिवाय ‘सुरू होताना बॅटरी भरलेली समज’ हे सेटिंग चालू असेल तर परत वीज आल्यावर मीटर थाटात १०० टक्के दाखवतो. शंटचे नट घट्ट हवेत, लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) आणि शंट यांच्यामध्ये वॉशर घालू नका. १०० ॲम्पिअरला शंट स्वतः फक्त १ वॅट तापतो. हाताला चटका बसत असेल तर सांधा सैल आहे. आणि शंट बिल्जजवळ किंवा पाण्याच्या बॅटरीच्या डोक्यावर बसवू नये. खारी हवा आणि ॲसिडची वाफ डिस्प्लेच्या केबलच्या छोट्या कनेक्टरला हिरवं करते, मग डिस्प्ले मधूनच गायब होतो.

सेटिंगमध्ये कपॅसिटी २० तासांच्या दराने छापलेली टाकायची. प्युकर्ट एक्स्पोनंट, म्हणजे जास्त करंट काढला की बॅटरी किती कमी देते ते सांगणारा आकडा, मुळात १.२५ असतो, तो लेड-ॲसिडला चालतो, लिथियमला १.०५ करा. या आकड्याने किती फरक पडतो ते बघा. २०० एएचच्या (ॲम्पिअर-तासांच्या) बँकेतून १० ॲम्पिअर काढले तर २० तास चालेल. ४० ॲम्पिअर काढले तर १.२५ च्या हिशेबाने साधारण साडेतीन तास, म्हणजे हाती आले १४१ एएच. १.०५ ला तोच आकडा १८६ च्या वर जातो. लिथियम बसवून जुनंच सेटिंग ठेवलं, तर इन्व्हर्टर चालवताना टक्का उगाचच धडाधड पडताना दिसतो. चार्ज एफिशियन्सी, म्हणजे भरलेल्यापैकी बॅटरीत खरा साठणारा वाटा, ९५ टक्के दिलेली असते, लिथियमला ९९ ठेवा.

मीटर १०० टक्क्यांवर परत कधी येतो, हे मात्र नीट समजून घ्यावं. व्होल्टेज ठरलेल्या पातळीच्या वर, करंट ठरलेल्या टक्क्याच्या खाली आणि ही स्थिती ठरावीक मिनिटं टिकली की तो ‘भरली’ मानतो. १२ व्होल्टला फॅक्टरीतून येणारे आकडे १३.२ व्होल्ट, ४ टक्के आणि ३ मिनिटं असे आहेत. किनाऱ्यावरच्या चार्जरला ते ठीक, सोलरला घातक. २०० एएचवर ४ टक्के म्हणजे ८ ॲम्पिअर. सकाळी सोलरने व्होल्टेज १३.६ वर नेलं, ढग आला, करंट ५ वर उतरला, तीन मिनिटं गेली. बॅटरी खरी ६५ टक्के, मीटरवर १००. सोलरच्या बोटीवर ॲब्सॉर्प्शन (चार्जिंगचा वरच्या व्होल्टेजचा टप्पा) १४.४ असेल तर ‘चार्ज्ड व्होल्टेज’ १४.२ करा, टेल करंट (वर सांगितलेला करंटचा टक्का) २ टक्के आणि वेळ वाढवा. उलटा धोकाही आहे: चार्जर त्याआधीच फ्लोटला, म्हणजे नंतरच्या कमी व्होल्टेजच्या टप्प्याला, उतरत असेल तर मीटर कधीच जुळणार नाही, आणि प्रत्येक अर्धवट चार्जिंगची बारीक चूक साठत जाईल. म्हणून टेल करंटचा आकडा चार्जर ज्या करंटला ॲब्सॉर्प्शन सोडतो त्याच्या वरच हवा. मीटरच्या इतिहासात ‘शेवटचं पूर्ण चार्ज’ किती दिवसांपूर्वी ते दिसतं. लेड-ॲसिडला हा आकडा आठवड्यापलीकडे गेला असेल तर टक्क्यावर फार विसंबू नका, आणि बॅटरीलाही ते मानवत नाही.

करंट थ्रेशोल्ड ०.१ ॲम्पिअर असतो. त्याखालचा करंट मीटर शून्य धरतो. गॅस अलार्म, रेडिओची मेमरी असा ०.०८ ॲम्पिअरचा लोड चोवीस तास असेल तर दिवसाला जवळपास २ एएच हिशेबाबाहेर जातात, महिन्याला ५८ च्या आसपास. उभ्या बोटीसाठी थ्रेशोल्ड कमी करावा. झिरो कॅलिब्रेशनला, म्हणजे शून्य करंट कोणता ते मीटरला शिकवण्याला, मात्र गरज नसताना हात लावू नये. बारीकसा लोड चालू असताना ते केलं की प्रत्येक आकडा तेवढ्याने कायमचा चुकतो.

‘उरलेला वेळ’ बघून लोक गोंधळतात. तो शून्यापर्यंतचा नसतो, डिस्चार्ज फ्लोअरपर्यंतचा, म्हणजे बॅटरी जिथवरच उतरवायची त्या मर्यादेपर्यंतचा असतो, आणि तो फ्लोअर मुळात ५० टक्के आहे. नांगराचा विंच चालू असताना दिसणारा वेळ तर बघूच नये. ब्लूटूथचा पिन अजून ०००००० असेल तर आजच बदला. शेजारच्या बोटीवरून कोणीही तुमचं सेटिंग उघडू शकतो.

या मीटरची खरी उणीव एकच: बॅटरी म्हातारी झाली हे त्याला कळत नाही. पडदा ६० टक्के म्हणतो आणि हलक्या लोडवर व्होल्टेज ११.८, असं झालं की कपॅसिटीचा आकडा जुना झालाय हे समजावं. लेड-ॲसिडची चाचणी अशी: पूर्ण चार्ज, काही तास विश्रांती, मग २० तासांच्या दराने, म्हणजे २०० एएचला १० ॲम्पिअरने, १०.५ व्होल्टपर्यंत उतरवा आणि मीटरवरचे खर्च झालेले एएच लिहून घ्या. १६० निघाले तर कपॅसिटी १६० टाका. बॅटरी लगेच परत भरा, रिकामी ठेवली तर प्लेटांवर सल्फेट धरतं. हा उद्योग नको असेल तर बाल्मारचा एसजी२०० पाहावा. तो शंट वापरूनच बॅटरीची उरलेली ताकद स्वतः शिकत जातो. त्यांचाच जुना स्मार्टगेज फक्त दोन वायरींवर चालतो आणि शंट लागत नाही, पण तो ॲम्पिअर दाखवत नाही आणि लिथियमसाठी नाही.